मुरू दे, मग बघू

हातापायांनी करायची कुठलीही नवी गोष्ट आमच्या वहिनीच्या काकांइतकी वाईट करणारा माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात दुसरा नव्हता, आणि ती शिकताना त्यांच्याइतका खूष होणाराही नव्हता, हे मी कुठल्याही कोर्टात शपथेवर सांगायला तयार आहे. देवाने त्यांना उंची दिली होती, खणखणीत आवाज दिला होता, साठी उलटली तरी न हटलेले दाट केस दिले होते. फक्त डाव्या हाताला उजव्याची आणि दोन्ही हातांना डोळ्यांची ओळख करून द्यायची तेवढी राहून गेली होती. सुईत दोरा ओवायचा तर सुई, दोरा आणि काका तिघे तीन दिशांना जात. स्वतःच्याच दाराचं कुलूप उघडताना ते इतके झटत, की एखाद्या चोराने पाहिलं असतं तर कळवळून मदतीला धावला असता. अशा माणसाने खुर्चीत बसून पेपर वाचावा आणि सुखी राहावं. पण काकांना शिकायची हौस दांडगी. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला माझ्या मोठ्या भावाचं लग्न झालं, वहिनी आमच्या डोंबिवलीच्या घरी आली, आणि तिच्यासोबत चार गल्ल्या पलीकडे राहणारे हे काकाही आमच्या वाट्याला आले. ते दरवर्षी काहीतरी नवीन शिकायला घ्यायचे आणि आम्ही सगळे ते बघायला जायचो.

त्यांच्या शिकण्याची एक ठरलेली पद्धत होती. थोडंसं करायचं आणि भरपूर थांबायचं. ही त्यांना कुणी शिकवलेली नव्हती. लहानपणी मास्तर कित्ता गिरवायला बसवायचे तेव्हा बाकीची पोरं एका दमात पान भरायची, आणि काकांची शेवटची ओळ पहिल्या ओळीपेक्षा वाईट यायची. एकदा त्यांना ताप आला, शाळा बुडली, आणि बऱ्याच दिवसांनी बोरू हातात धरला तर अक्षर आपोआप सुधारलेलं. मास्तरांना वाटलं घरून कुणीतरी लिहून दिलंय, म्हणून छडी मिळाली ती वेगळीच. पण काकांना त्या दिवशी जे उमगलं ते त्यांनी जन्मभर सोडलं नाही. आपण थांबतो तेव्हा हात शिकत असतो, असं ते अगदी गंभीरपणे सांगत. लोणचं बरणीत भरल्यावर कुणी दर मिनिटाला चमचा घालून ढवळत बसतं का, असा त्यांचा उलटा सवाल असे. त्यामुळे काम अर्ध्यात टाकून ते उठले की, 'आता मुरू दे, मग बघू,' हे ठरलेलं वाक्य यायचं.

सायकल ते चाळिशी उलटल्यावर शिकले. आमच्या बिल्डिंगमागे तेव्हा मोकळं मैदान होतं. पँट मोज्यात खोचून काका यायचे, माझा भाऊ कॅरिअर धरून मागे पळायचा. एक-दोन चकरा झाल्या, एखादं पडणं झालं, की काका सायकल तान्ह्या बाळासारखी अलगद जमिनीवर आडवी करत आणि कंपाउंडच्या भिंतीवर बसून खिशातून शेंगा काढत. भाऊ धापा टाकत म्हणायचा, काका चला ना, आत्ता कुठे जमायला लागलंय. त्यावर काका म्हणत, जमायला लागलंय म्हणूनच थांबलो. सोललेल्या शेंगा सगळ्यांना वाटल्या जायच्या आणि गप्पा सुरू व्हायच्या, त्याही सायकल सोडून जगातल्या इतर सगळ्या विषयांवर. विश्रांती चालू असताना शिकायच्या गोष्टीचं नाव काढायला बंदी होती. अशा रीतीने पावसाळा संपल्यापासून होळीपर्यंत सायकल मुरत होती. शेवटी एका संध्याकाळी काका एकटेच निघाले आणि भर मार्केटातून घंटी वाजवत, लोकांना हात करत, थेट टिळकांच्या पुतळ्याच्याही पुढे निघून गेले. सरळ गेले, कारण वळणं अजून मुरलेलं नव्हतं. त्यांना परत आणायला भावाला रिक्षाने जावं लागलं, आणि तो पोचला तेव्हा काका एका दुकानाच्या पायरीवर बसून मालकाला आमच्या घरच्या कैरीच्या लोणच्याबद्दल सांगत होते.

पोहण्याचंही तसंच. काका वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात स्टोअर्समध्ये होते आणि तिथला एक कोळी सहकारी खाडीकाठच्या गावचा होता. त्याने काकांना पोहायला शिकवायचं कबूल केलं. तो माणूस पाण्यातच वाढलेला. पोहणं शिकावं लागतं हेच त्याला नवीन होतं. काका गळ्यापर्यंत पाण्यात जायचे, हातपाय मारायचे, खारं पाणी प्यायचे, आणि लगेच बाहेर येऊन होडीच्या सावलीत टॉवेल पांघरून बसायचे. दोन-तीन रविवार त्याने हे सहन केलं आणि मग कमरेवर हात ठेवून विचारलं, "काका, तुमी पवाला आयलाव का बसाला?" काकांनी त्याला शेजारी बसवून घेतलं आणि डब्यातली थालीपीठं खायला घातली. पुढे पुढे तोच म्हणे विचारायला लागला, आज किती वेळ बसायचं. स्कूटर घेतली तेव्हा कल्याण-शीळ रस्त्यावर मध्येच थांबून, हेल्मेट मांडीवर ठेवून काका झाडाखाली बसत. स्कूटर बंद पडली असं समजून येणारेजाणारे थांबत. एकदा एक ट्रकवाला पाना घेऊन खाली उतरला, तर काकांनी त्याला थर्मासमधला चहा दिला आणि आपण शिकतोय, असं सांगितलं. तो बिचारा स्कूटरकडे बघत, चहा पीत, काय शिकतोय ते शोधत राहिला.

आणि या माणसाची बायको म्हणजे आमच्या काकू. त्या या सगळ्याचं दुसरं टोक. काकूंना काही शिकावं लागतच नसे. ठाण्याच्या बसमध्ये शेजारची बाई क्रोशाचं विणत होती, ते बघून काकूंनी घरी येऊन त्याच दिवशी टेबलक्लॉथ सुरू केला. काका ज्या सायकलशी पाच-सहा महिने झगडले तिच्यावर त्या गंमत म्हणून साडीतच बसल्या, मैदानाला एक फेरी मारली आणि भाजी चिरायची राहिलीय म्हणून उतरून घरी गेल्या. पण त्यांचा खरा प्रांत कॅरम. एक गुडघा उभा, पदर खोचलेला, आणि नजर भलतीकडेच. त्या नेम धरताना मी कधी पाहिलं नाही. त्या नुसतं बघायच्या आणि सोंगटी जायची. गणपतीत त्यांच्या सोसायटीची कॅरमची स्पर्धा असे. बायकांत त्या दरवर्षी पहिल्या यायच्या, आणि एका वर्षी आग्रहाने पुरुषांत खेळल्या तर तिथेही पहिल्या आल्या. लग्न झालं तेव्हा दोघं हौसेने एकमेकांशी खेळायला बसले होते म्हणे. काकांनी मारलेला स्ट्रायकर बोर्ड ओलांडून आमटीच्या पातेल्यात पडला. तेव्हा काकूंनी अगदी प्रेमाने सांगितलं, अहो, तुम्ही आपले बाजूला बसून बघा. काका बाजूला बसले ते बसलेच. पुढे काकू भजनी मंडळाला गेल्या की ते बोर्ड काढून एकटेच चार हात मारत आणि मुरायला ठेवून देत. असं वर्षानुवर्षं केल्यावर त्यांचा खेळ इतपत सुधारला होता, की स्ट्रायकर बहुतेक वेळा बोर्डावरच राहायचा आणि अधूनमधून एखादी सोंगटीही जायची, कधी कधी त्यांचीच. पण काकूंसमोर बसायची त्यांची हिंमत नव्हती, आणि काकूंनाही ते सुचलं नाही.

नव्वद साल उलटून गेल्यानंतरच्या एका श्रावणात, सकाळी चहाचं आधण ठेवताना काकूंच्या हातातलं भांडं पडलं. त्या वाकून उचलायला गेल्या तर हात उठेना. अर्धांगाचा झटका होता. ठाण्याच्या हॉस्पिटलात बरेच दिवस काढून त्या घरी आल्या. बोलणं शाबूत होतं, पाय हळूहळू येत होता, पण उजवा हात कुणीतरी विसरून गेलेल्या वस्तूसारखा मांडीवर पडून असायचा. व्यायाम शिकवायला एक फिजिओथेरपीवाली बाई येत होती. तिने सांगितलं होतं की थोडं थोडं करा, दमू नका. पण काकूंना थोडं थोडं हा प्रकारच माहीत नव्हता. ज्या बाईला आयुष्यात सगळं पहिल्या फटक्यात आलं, तिला न येणाऱ्या गोष्टीचं करायचं काय हे कळेना. त्या सकाळपासून एका वाटीतले चवळीचे दाणे दुसऱ्या वाटीत टाकायला बसायच्या आणि हात लटपटायला लागला तरी थांबायच्या नाहीत. दुपारपर्यंत हात सकाळपेक्षा वाईट व्हायचा. मग त्या चिडायच्या, रडायच्या, आणि पुन्हा वाटी ओढायच्या.

मी आणि वहिनी त्यांच्याकडे गेलो होतो त्याच दुपारी तो स्फोट झाला. काकूंनी डाव्या हाताने वाटी उचलून भिंतीवर मारली, चवळी सगळ्या खोलीभर उडाली, आणि त्या म्हणाल्या की आता यापुढे कुणी मला काही करायला सांगू नका. वहिनी दाणे वेचायला खाली बसली. काकांनी तिला हाताने थांबवलं आणि ते काकूंच्या समोर जमिनीवरच बसले.

"अगं, तू आत्ता माझ्या विषयात आलीस," ते म्हणाले.

काकू म्हणाल्या, "तुम्हाला काय कळतंय त्यातलं? तुम्हाला जन्मात कधी काही पहिल्यांदा आलंय?"

"नाही आलं. म्हणूनच तर कळतं. न येणं म्हणजे काय असतं, ते या घरात फक्त मला माहीत आहे."

हे ते इतक्या उत्साहाने बोलले, की दुसऱ्या कुणाला ते भलतंच वाटलं असतं. घरावर संकट आलेलं आणि माणसाचे डोळे चमकतायत. पण मला त्यांचं समजत होतं. इतकी वर्षं बायकोला आपल्याकडून शिकण्यासारखं काहीच नव्हतं, आणि आता होतं. काकू हसल्या नाहीत, पण चवळी वेचायला मात्र वहिनीला त्यांनीच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी काकांनी माळ्यावरून कॅरम खाली काढला. उजवा हात त्याच्या वेळेने येईल, तोवर डावा रिकामाच बसलाय, तर त्याला कामाला लावू, असं त्यांचं म्हणणं. काकूंच्या डाव्या हाताने मारलेला पहिला स्ट्रायकर कडेला आपटून उलटा त्यांच्याच बाजूला आला. काका आनंदाने म्हणाले, माझा आमटीत गेला होता, तुझा बोर्डावर तरी राहिला. पण खरी गंमत पुढे होती. काकूंना खुन्नस चढली की त्या मारतच सुटायच्या, आणि त्या रंगात आल्या की काका स्ट्रायकर उचलून खिशात टाकायचे, चपला घालायचे आणि मार्केटात निघून जायचे. काकू गॅलरीतून हाका मारायच्या. काका खालून हात हलवायचे आणि वळणावरून दिसेनासे व्हायचे. परत येताना कधी मेथी, कधी पेरू, कधी नुसत्याच गप्पा घेऊन यायचे, आणि तोपर्यंत काकूंचा पारा चढलेला असायचा. वहिनीने एकदा काकांना चांगलंच झापलं, की आजारी बाईचा असा छळ करतात का. काकांनी शांतपणे सांगितलं की बोर्डावर हात शिकतो असं लोकांना वाटतं; तिचा हात शिकतो तो ती माझ्यावर चिडून बसलेली असते तेव्हा.

मला हे सगळं थट्टेचंच वाटायचं, पण एका रविवारी मी ते डोळ्यांनी पाहिलं. काकू कोपऱ्यातल्या एका सोंगटीच्या मागे लागल्या होत्या. अगदी तोंडाशी असलेली सोंगटी, पण डाव्या हाताचं बोट ऐनवेळी वाकडं जाई आणि स्ट्रायकर बाजूने निघून जाई. पुन्हा लावली, पुन्हा चुकली. जसजशा चुकत गेल्या तसतसा स्ट्रायकर आणखी लांबून जायला लागला. काकांनी तो खिशात घातला. आम्ही पोहे खाल्ले. पोह्यांत कोथिंबीर वरून घालायची की आधी, यावर काकांनी मुद्दाम वाद उकरून काढला, आणि तो इतका पेटला की काकू बोर्ड विसरून वहिनीला साक्षीला बोलवायला लागल्या. चहा झाला, बशा आत गेल्या, आणि काकांनी सहज बोलता बोलता स्ट्रायकर पुन्हा बोर्डावर ठेवला. काकू अजून कोथिंबिरीबद्दलच बोलत होत्या. बोलता बोलताच त्यांनी तो मारला आणि सोंगटी सरळ आत गेली. काकू आपल्या डाव्या हाताकडे बघत राहिल्या, जणू तो आत्ताच कुणीतरी आणून लावला होता. काका उठून उभे राहिले ते इतक्या जोरात, की माळ्याची कड त्यांच्या डोक्याला लागली, आणि टेंगूळ चोळत ते सगळ्या खोलीभर फिरत होते. त्या दिवसानंतर काकूंनी स्ट्रायकरसाठी भांडणं सोडलं. चार-पाच हात झाले की त्या आपणहून तो काकांच्या पुढ्यात सरकवायला लागल्या आणि म्हणायला लागल्या, जा आता, भाजी आणा. उजवा हातही त्याच रीतीने हळूहळू जागा होत होता. वाटी धरण्याइतका तो आला, पण पूर्वीसारखा कधीच झाला नाही.

दिवाळी झाली, थंडी पडली, आणि एक दिवस माझ्या लक्षात आलं की दोघं समोरासमोर बसून खेळतायत. काकूंचा डावा हात आणि काकांचा उजवा हात आता अगदी एका पातळीवर आले होते. डाव तासन्‌तास चालायचे. कधी हे जिंकायचे, कधी त्या. राणी घेतली तर कव्हर दोघांनाही मिळत नसे, मग ती परत मध्ये ठेवायची आणि पुन्हा भांडायचं. काका पाय लागला म्हणून बोर्ड हलवायचे, काकू तो पाय मुद्दाम लागला असं शाबीत करायच्या. शेजारच्या बायका तक्रार करायला येत आणि डाव बघत बसत. एका संध्याकाळी काका मला गॅलरीत घेऊन गेले आणि आतला आवाज ऐकत हळूच म्हणाले, "अरे, लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आम्ही एकमेकांशी खेळतोय ते आत्ता." मी त्यांना इतकं आनंदात पूर्वी कधी पाहिलं नव्हतं, आणि हा माणूस तर सायकलवरून पडल्यावरसुद्धा आनंदात असायचा.

पण काकू शेवटी काकू होत्या. उन्हाळा लागला तसा डाव एकतर्फी व्हायला लागला. काकांनी एकट्याने वर्षानुवर्षं मुरवत जे मिळवलं होतं, ते काकूंचा डावा हात काही महिन्यांत मागे टाकून पुढे निघाला. जी जादू उजव्या हातात होती असं आम्ही समजत होतो, ती हातात नव्हतीच कधी; ती काकूंच्यातच कुठेतरी होती, आणि तिला वाट सापडल्याबरोबर ती डाव्या हातातून बाहेर पडली. त्या पुन्हा नेम न धरता नुसतं बघायला लागल्या. मला जरा धास्तीच वाटत होती, की काकांना याचं वाईट वाटेल. तर मे महिन्याच्या ऐन उन्हात, भर दुपारी काका आमच्या दारात. घामाने शर्ट अंगाला चिकटलेला. वहिनीने पाणी आणलं, तेही त्यांनी हातातच धरून ठेवलं. बसायलाही तयार नव्हते, आणि काका बसायला तयार नाहीत हे आम्ही पहिल्यांदाच बघत होतो.

"अरे, तिने मला आज एक हातसुद्धा मारू दिला नाही," ते म्हणाले. "फोडला तिने, आणि सगळ्या सोंगट्या तिनेच घेतल्या. मी नुसता बसून होतो."

एवढं सांगायला ते उन्हातून चालत आले होते. सांगून झाल्यावर ते तसेच पुढे गेले, कारण अजून पोस्टाजवळच्या त्यांच्या मित्राला सांगायचं राहिलं होतं.

त्या वर्षी गणपतीत काकूंनी स्पर्धेत नाव दिलं. त्या डाव्या हाताने खेळायला बसल्या तेव्हा मंडपात कुजबूज झाली, पहिला डाव संपला तेव्हा ती थांबली, आणि उपान्त्य फेरीपर्यंत तर खुर्च्या पुरेनाशा झाल्या. तिथे एका कॉलेजातल्या मुलीने त्यांना हरवलं. मुलगी खरोखरच छान खेळली. काकूंनी तिला जवळ बोलावून, अंगठा थोडा आत घे, असं काहीतरी सांगितलं आणि तिचा अंगठा आपल्या डाव्या हाताने धरून दाखवला. काका मागच्या रांगेत खुर्चीवर उभे राहून टाळ्या वाजवत होते, आणि ते पडू नयेत म्हणून मी आणि माझा भाऊ खुर्ची धरून होतो.

पुढे काका-काकूंच्या लग्न होऊन गेलेल्या मुलीने शहाडला, नदीच्या बाजूला घर घेतलं आणि दोघं तिकडे राहायला गेले. येणंजाणं आपोआप कमी झालं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी कधीतरी मी तिकडे गेलो होतो. काका बरेच वाकले होते, ऐकायला कमी येत होतं. काकूंनी माझ्यासमोर त्यांना एक डाव हरवला आणि चहा टाकायला उठल्या. चालताना पाय किंचित ओढायचा, तेवढीच काय ती आजाराची खूण. निघताना काका मला रिक्षापर्यंत सोडायला आले. वाटेत मी थट्टेने म्हटलं, काका, जरा जास्त खेळा ना रोज, पुन्हा बरोबरी होईल तुमची.

काका थांबले. त्यांना ऐकू आलं नाही असं मला वाटलं, म्हणून मी पुन्हा बोलणार होतो.

"ते चार-सहा महिने फार मजेचे गेले रे," ते म्हणाले. "आम्ही अगदी बरोबरीचे होतो. आठवण येते कधी कधी." नंतर थोडं चालून झाल्यावर म्हणाले, "पण ते संपावेत म्हणूनच तर मी एवढी धडपड करत होतो."

रिक्षा आली. मला नीट बसवून, रिक्षावाल्याला स्टेशनला सांभाळून ने असं सांगून काका परत फिरले. उन्हं उतरली होती, घर जवळ होतं, आणि ते नेहमीपेक्षा जरा भरभरच चालत होते. घरी त्यांची वाट बघणारं माणूस होतं, आणि पुढचा डाव मांडून झाला असणार.